अकरा टिकल्या

कंपनीचा पोरगा तळहात फिरवून दाखवत होता:
बघा पगारेमामा, एक बटण वर नाही, एक फट नाही,
फडकं मारलं की झालं.
मी म्हटलं, झकास.
तेव्हा खरंच झकास वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात क्षेमकल्याणी बाईंचा फोन.
गंगापूर रोड, दुसरा मजला, पेटीचे क्लास घेतात.
मशीन बिघडलं का? नाही हो,
मशीन उत्तम आहे. त्याचं तोंड कुठे ते सापडत नाही.

गेलो. बाई काचेवर बोटं टेकवायच्या,
टेकवताच काहीतरी सुरू व्हायचं.
चाचपणं आणि दाबणं
त्या यंत्राच्या लेखी एकच.
लोकरीची शाल उकळून निघाली होती,
आता बाहुलीला पुरली असती.
जुन्याला चाक होतं, त्या सांगत होत्या,
तीन कट् म्हणजे सुती, पाच म्हणजे चादरी,
आणि हवेतच चाक फिरवत होत्या.

मी अंबडला सोळा वर्षं स्विच तपासले.
पट्ट्यावरून यायचे, अंगठ्यानं दाबायचे,
टक् आला तर पास, नाही तर लाल पेटीत.
त्या दुपारी ते अख्खं मशीन
मी मनातल्या मनात लाल पेटीत टाकलं.

मग तांबट आळीत, सुधाकररावांकडे.
हंडे ठोकून ठोकून त्यांचे कान गेलेले.
कागदावर लिहिलं: मसुराएवढी, फुगीर, चौदा.
त्यांनी पितळेच्या कात्रणातून पाडल्या,
एकेक खालच्या ओठाला लावून पाहिली.
बोट फसतं, म्हणाले, ओठ नाही फसत.
पैसे घेतले नाहीत. उलट मोठ्यानं विचारलं,
कुकरची शिट्टी दिसेल असं काही करता येतं का?
बायको गेल्यापासून डाळ रोज करपते.
(शिट्टीशेजारी पत्र्याचं भिरभिरं लावून पाहिलं.
दुसऱ्याच दिवशी उडालं, फ्रिजमागे सापडलं.
अजून जमलेलं नाही.)

काचेवर ॲक्रिलिकची पट्टी बसवली,
बोट जाईल एवढी भोकं,
प्रत्येक भोकाशेजारी एक टिकली.
बाईंनी हात फिरवला आणि हसू लागल्या,
मशीनचं हळदीकुंकू केलंत की काय?
मग पेटी उघडली, माझं बोट धरून पट्ट्यांवर नेलं.
काळ्या दोन. मोकळं. काळ्या तीन. मोकळं.
प्रत्येकीवर खूण असती ना, पगारे,
तर मला सा कधीच सापडला नसता.
सगळीकडे उंच म्हणजे पुन्हा सपाटच.

गोंद ओला होता. त्यांनी नखानं अकरा काढल्या.
तीन ठेवल्या: सुरू, बंद,
आणि एक मधोमध, जिथून बाकीचं मोजायचं.
अकरा काडेपेटीत घालून माझ्या हातावर:
असू द्या, कुणाला तरी लागतील.

लागल्या. द्वारकेजवळच्या सोसायटीत निकुंभ राहतात,
नोट प्रेसमधून रिटायर, नजर धुरकटलेली.
आयुष्यभर छपाईचा उठाव अंगठ्यानं जोखला
आणि आता रोज तिसऱ्या मजल्यावर उतरून
भलत्याच दारात किल्ली घालायचे.
लिफ्टच्या चारवर एक लावली.
चेअरमननी खरवडली, पॅनलची शोभा जाते म्हणे.
दुसरी लावली, तीही गेली.
तिसरी मी रात्री साडेअकराला जाऊन लावली.
ती आहे.
बाकीच्या कुठे कुठे गेल्या, नीट आठवत नाही.

परवा तो पोरगा पुन्हा आला.
नव्या मॉडेलला काचसुद्धा नाही, सगळं फोनवरून.
मी म्हटलं, डोळे मिट आणि चालू करून दाखव.
मामा, डोळे कशाला मिटायचे? तो म्हणाला,
आणि काय करावं न सुचून
काउंटरवरची काडेपेटी उचलून हलवली.
काड्या संपल्या वाटतं?
काड्या नाहीत त्यात, मी म्हटलं.
चार आहेत अजून.