राहू द्या

कानगुडे जकातीत कारकून होते.
हडपसर नाक्यावर रात्रपाळी,
पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला कादंबरी.
तिसरं प्रकरण संपतं तिथे हस्तलिखितात
एका टेम्पोतल्या कांद्याचं वजन आहे.

मी नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये प्रुफं तपासायची.
ऱ्हस्वदीर्घ त्यांना जन्मात जमलं नाही,
'नदि' लिहायचे, मी दी दीर्घ करायचे.
"बाई, नदी तुमची. मजकूर माझा."

चौदावं प्रकरण मला पटलं नव्हतं.
काठावरची वस्ती, पहाटे नोटीस,
दुपारपर्यंत नकाशावर त्या जागी बाग.
लोक विचारतात, यात आम्ही कुठंय?
साहेब नकाशा उलटा करतो:
कोरी बाजू.

समासात मी लाल पेन्सिलनं लिहिलं,
अतिशयोक्ती. काढावं?
प्रूफ परत आलं.
मी खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं,
आणि पावती फाडल्यासारख्या घाईत:
राहू द्या.

पंचाहत्तरच्या जुलैत त्यांना येरवड्याला नेलं.
मालकांनी छापलेले फर्मे पोटमाळ्यावर
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली दडवले.
एकोणीस महिन्यांनी आले, दोन दात कमी.
चहासुद्धा न घेता विचारलं,
"चौदावं आहे ना?"

पाचशे प्रतींतल्या तीनशे रद्दीत गेल्या.
ते गेले तेव्हा पेपरात चार ओळी,
आडनाव 'कानडे' छापलेलं.
मी संपादकांना पत्र टाकलं. उत्तर नाही.
नाका गेला, जकात गेली,
प्रेसच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा एक वकील मुलगी आली, गजरमल म्हणून.
हातात चौदाव्या प्रकरणाची झेरॉक्स.
"हे नक्की तेव्हाचंच आहे?
आमच्या नोटिशीत फक्त तारीख वेगळी आहे हो."
कोर्टात कादंबरी चालत नाही, तिला ठाऊक आहे.
वस्तीत वाचून दाखवली.
आधी हसले सगळे.
मग एका म्हातारीनं विचारलं,
ह्यो बाबा कंच्या गल्लीत ऱ्हायचा?

काढावं, असं मी लिहिलं होतं
हे मी तिला सांगितलं नाही.
मूळ प्रूफ दाखवलं.
तिनं टिंबांवरून बोट फिरवलं, म्हणाली, ही नक्षी कसली?
ते सांगितलं.

जाताना नोटीस ठेवून गेली, मंगळवारी तारीख आहे.
सवयीनं तपासायला घेतली.
पहिल्याच ओळीत 'नदि'.
ती तशीच सोडली.
खाली घरमालकांची यादी, एकशे बारा नावं.
भिंगातून एकेक नाव वाचत
खाली टिंबं देतेय.
सदतिसाव्या नावाशी शिसं मोडलं.
टोकयंत्र कुठे ठेवलंय, आठवत नाही.