आठ सुतांचा एक इंच

टिंबर मार्केटातून टेम्पो निघाला तेव्हा
डोक्यात साधं काम होतं:
धानोरी, मनपाची शाळा, दुसरीचा वर्ग,
डुगडुगणारे बाक ठोकून घट्ट करायचे.
दोन दिवस, चहा त्यांचा.

केंजळेबाई म्हणाल्या, टेप काढा.
मी भिंतीला लावला. सोळा फूट, वीस फूट.
खोली राहू द्या हो, त्या म्हणाल्या,
पोरं मोजा.

तीस वर्षं मी दारं मोजली, ओटे मोजले,
कोथरूडच्या एका साहेबांच्या मांजराला
निजायला फळीसुद्धा करून दिली,
पण जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा माणूस
कुणी मोजायला सांगितला नव्हता.
एकेक पुढे आलं. साडेअकरा इंच. तेरा.
बारा आणि तीन सूत.
बाक मात्र सगळे सोळाचे.
म्हणजे इतकी वर्षं या खोलीत
पाय हवेतच होते.

सूत म्हणजे किती? अल्फियाने विचारलं.
इंचाचे आठ भाग कर, त्यातला एक.
तिने टेपवरच्या रेघा नखाने मोजल्या
आणि वर्गभर ओरडली,
चार सूत म्हणजे अर्धा!

मी सातवीत अपूर्णांकांवर आपटलो
तो थेट काकाच्या रंध्यापाशी जाऊन थांबलो.
अंश वर की छेद वर, अजून विचारू नका.
पण पाव इंचाला पटाशी कुठे थांबवायची
ते मनगटाला पाठ आहे.
तेव्हा कुणी हातात टेप दिला असता तर
जाऊ दे.
भुसा उडत होता, डोळ्यात गेला.

मग बाईंची यादी.
प्रज्योत बसत नाही, बसवला की अक्षरं सांडतात.
त्याला खिडकीखाली उंच फळी, उभ्याने लिहायला.
भूमीच्या पायात कॅलिपर. उंबरा काढा.
काढला. सागवानी निघाला, चांगला जुना,
त्यातून तिलाच पाय टेकायला पाटली केली.
शौनकला ऐकू कमी येतं,
त्याला सगळ्यांचे ओठ दिसले पाहिजेत,
म्हणून रांगा मोडून बाकांचा अर्धा गोल.

तेवढ्यात लोहगावचं लढाऊ विमान गेलं.
इथली पोरं मान वर करत नाहीत.
बाई वाक्य अर्ध्यावर धरून ठेवतात,
आवाज ओसरला की पुढचा शब्द सोडतात.
एकच पोरगा, अद्वय, बाकाखाली शिरला,
कान दाबून, गुडघ्यांत डोकं.
मी म्हटलं, काढू का बाहेर?
बाई म्हणाल्या,
त्याचं माप घेतलंत?

बाकाखाली आडवा होऊन घेतलं.
दोन बाक जोडून मधे बोगदा केला,
आतून जुनी सतरंजी ठोकली,
खिळ्यांच्या टोकांवरून तीनदा हात फिरवला.
फळ्याच्या बाजूला एक भोक हवं होतं त्याला.
बोलला नाही. बोट ठेवून दाखवलं.

दोन दिवसांचे नऊ झाले.
बिल घेऊन गेलो तर कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला,
बाक दुरुस्ती, नग पंधरा, कळलं.
बोगदा, नग एक, हे काय?
फर्निचर, साहेब.
असं फर्निचर दरसूचीत नाही.
बरं, बाक लिहा.
बाकाला भोक कशाला?
बघायला, साहेब.
त्याने कागद बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला.
अजून तिथेच असेल.

दिवाळीनंतर त्या बाजूला काम निघालं, डोकावलो.
विमान जात होतं.
बोगद्यातून दोन जोड्या पाय बाहेर,
त्यातला एक कॅलिपरचा,
आणि भोकाला लागलेला एक डोळा.
खिडकीखाली प्रज्योत लिहीत होता, थोडा वाकून.
काका, तो दोन सूत वाढलाय,
अल्फिया म्हणाली, टेप न लावता.

मी लावून पाहिला.
अडीच.