भावापुरती फारसी

बाबांना फारसी येते ती एवढीच :
केवढ्याला, महाग आहे, कमी करा,
वीसपर्यंत आकडे, आणि मीठ.
बंदर अब्बासला बोट लागली की
भटारखान्यातला सर्वांत धाकटा म्हणून
कांदे आणायला यांनाच उतरवायचे.

शुक्रवारी म्हापशाला आम्ही मिरची लावतो,
हरमलची, गोणपाटावर, देठासकट.
शेजारी रेमेदियाबाय मोयड्याची केळी घेऊन.
परदेशी चेहरा दिसला
की तिचा भाव मान ताठ करतो, कोंबड्यासारखा.

त्या बाईने फणी उचलली, हुंगली, परत ठेवली
आणि स्वतःशीच म्हणाली, "ख़ेली गेरूने."

बाबा मिरच्या निवडत होते.
वर न बघता म्हणाले, "चंदे?"

ती अशी वळली
जशी गर्दीत कुणी माहेरच्या नावाने हाक मारावी.

मग बाबा रेमेदियाबायशी कोकणीत भांडले,
दोनशेवरून एकशेवीसवर आणली,
पण एकशेवीस सांगायचे कसे?
यांचे आकडे विसाला संपतात.
बोटे पसरून म्हणाले, "शीश बीस्त."
सहा विसा. आजी नारळ मोजायची तसे.
ती इतकी हसली की खोकला लागला.

तागडीकडे बोट करून म्हणाली, "तराज़ू."
"तराजूच म्हणतात गो!" रेमेदियाबाय ओरडली,
"हिका सगळें येता, उगीच वेड घेता!"

मग तिने मूठभर मिरची मागितली.
आता तिने विचारले, "चंदे?"
बाबा म्हणाले, "गाबेल नदारे."

मला हे ठाऊक होते.
तुमच्यापुढे याची काय किंमत, असे तिकडचा दुकानदार म्हणतो,
आणि आपण मुकाट्याने पाकीट काढायचे असते.
एकोणिसाव्या वर्षी बाबांनी ते खरे मानले,
खुदा भला करो म्हणून कांदे उचलले.
दुकानदार धक्क्यापर्यंत मागे पळत आला होता.

ती म्हणाली, नाही नाही. बाबा पुन्हा, गाबेल नदारे.
तिने पैसे पुढे केले. यांनी हात मागे घेतले.
तिसऱ्यांदा म्हणताना यांचा आवाज बसला.
हे खरेच देत होते.
तिला कसे कळावे?

मग ती भरभर बोलू लागली,
लांबलचक, गळ्याशी हात नेत,
मध्ये एकदा 'मादर' आले, एकदा 'ख़ाने',
आणि बाबा मान हलवत ऐकत राहिले
पुढे कुठला तरी आकडा येईल म्हणून.

आला नाही.
ती गेली, केळी छातीशी धरून.

संध्याकाळी गल्ला मोजला तर पन्नास जास्त.
नोट तागडीच्या पारड्याखाली दुमडून ठेवलेली.
मी वहीत विचारून लिहिते, कुठे मांडू?
मिरचीत?
बाबा गोणपाट झटकत होते.
म्हणाले, राहू दे तशीच,
पुढच्या शुक्रवारी बघू.