साठ, बासष्ट

दगडात कोरलंय: डावीकडे ‘मुलगे’, उजवीकडे ‘मुली’,
मध्ये चाळीस पावलांची भिंत.
गेडीजनी डावं दार उघडलं. मुलींच्या दाराचं कुलूप
गंजून चौकटीचंच झालंय, म्हणाले,
आणि सवयीनं पायपुसण्यावर बूट घासले.
पायपुसणं नव्हतं.

मला कौन्सिलनं पाठवलेलं. पाडण्याआधीची नोंद:
खोल्या, जिने, छताचं लाकूड, फरशीची नक्षी,
प्रत्येक फोटोत लाल-पांढरी मोजपट्टी.
डंडीतला फेब्रुवारी, तीनलाच उजेड आवरायला घेतो,
त्यात खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या.
म्हणून तिपाई, म्हणून दर फोटोला तीस सेकंद.
तीस सेकंदांत जे हलतं ते उमटत नाही.
कबुतर उडालं, नाही उमटलं.
गेडीज त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आले
किल्ल्या वाजवत.
स्क्रीनवर नुसती फरशी.

बालवर्गाच्या खुंट्या माझ्या मांडीच्या उंचीला.
प्रत्येकीवर एक चित्र: बेडूक, छत्री, किटली.
अजून वाचता येत नाही त्या वयाची नावं.
छत्री कोण होती, मी विचारलं.
‘एक्क्याऐंशीत? शीना मॅकग्रेन.
किटलीशी पटायचं नाही तिचं.’

वरच्या वर्गात, खिडकीच्या कट्ट्यावर, एक लहान बूट.
फळ्यांच्या फटीतली तिरीप नेमकी त्याच्यावर.
मी तिपाई वळवली.
‘तो आमचा नाही,’ गेडीज म्हणाले.
‘मागच्या हिवाळ्यात दोघंजण कुंपण चढून आली, कॅमेरे घेऊन.
त्यांनी ठेवला. बघणाऱ्याला कळवळा यावा म्हणून.’
मी बूट उचलला. तळव्याला किमतीचं लेबल.
खरं सांगते, दहाच मिनिटांपूर्वी
फळा अगदी कोरा निघाला म्हणून
जमिनीवर सापडलेला खडू मी बोटांत धरला होता.
एखादी तारीख. एखादा भागाकार, अर्धवट सोडलेला.
लिहिलं नाही. पण बोटं अजून पांढरी होती,
ती मी खिशात घातली.

गाव तागाचं. गेडीजची आजी
सकाळी या शाळेत, दुपारी गिरणीत,
म्हातारपणी झोपेतही खोकायची.
मी म्हटलं, आम्ही तागावर बसूनच शिकलो,
तरटाच्या पट्टीवर; घरी पोचेपर्यंत
मांड्यांवर विणीचा ठसा राहायचा.
त्यांना तो शब्द म्हणून बघायचा होता. तरट.
पहिल्यांदा दगड गिळल्यासारखा आला,
दुसऱ्यांदा बरा.

मग दम लागला म्हणून ते पहिल्या बाकावर बसले,
गुडघे जवळजवळ हनुवटीला.
हलू नका, मी म्हटलं, तीस सेकंद.
आणि कुणी न सांगता त्यांनी हाताची घडी घातली.
मला वाटायचं हे फक्त आमच्याकडे,
हाताची घडी, तोंडावर बोट.
मी आकडे मराठीत मोजत होते, मनात,
एकोणतीसला अडखळले, लहानपणापासून अडखळते तशी.
ते उमटले. श्वासापुरती छाती पुसट,
बाकी सगळे.
उजवा तळहात काखेत खोल दडवलेला.
पट्टा उजव्याच हातावर बसायचा,
हे मघाशी जिन्यात त्यांनी हसत सांगितलं होतं.

कार्यालयाचं उत्तर आलं: नोंदीत व्यक्ती चालत नाही,
क्रमांक एकसष्ट पुन्हा घ्यावा.
तोवर कुंपणाला ठेकेदाराचं नवं कुलूप,
आणि त्याची किल्ली गेडीजकडे नव्हती.

म्हणून यादीत साठ आहे: वरचा मजला, पूर्वेची भिंत, ओल.
मग बासष्ट: जिना, कठडा, ओतीव लोखंड.
तसंही एकसष्टमध्ये
मोजपट्टी ठेवायला मी विसरले होते.