एकेच आवयचीं

दुर्भाटच्या धक्क्यावर मांडव होता, खुर्च्या होत्या,
आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत
वीस हजार पिल्लं चोणकाची, बोटाएवढी.
साहेबांनी एक पिशवी सोडली,
फोटो हलला म्हणून आणखी एक.
बाकीच्या मी सोडायच्या होत्या.

रुझार मानशीवरून उठून आला होता.
चाळीस वर्षं मानशीची फळी वर-खाली करणारा माणूस,
भरती त्याला घड्याळात बघावी लागत नाही.
पिशवी उन्हाला धरून त्याने टिचकी मारली.
सगळी पिल्लं डावीकडे वळली.
सगळी.
"हीं एकेच आवयचीं?"

मी म्हटलं, दोघींची.
टाकी क्रमांक चारमधल्या.
नर पाच होते, पण दांडगा एकच;
बाकीचे कडेकडेने फिरत राहिले
लग्नघरात ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.
हे सगळं रजिस्टरात आहे,
कोणी वाचत नाही तरी स्वच्छ अक्षरात.

रजिस्टरात नाही ते हे:
दर आठवड्याला आम्ही पिल्लं चाळतो,
कारण चोणकाला भावंड आणि भक्ष्य यांत फरक कळत नाही.
हात दिसला की वर येणारं, गोळी झटकन गिळणारं,
ते हुशार.
बुजणारं, तळाशी थांबणारं, बाद.
असं चाळत चाळत आम्ही
सावलीला न घाबरणारा मासा केला
आणि तो सोडायला निघालो अशा नदीत
जिथे सावली म्हणजे घार.

रुझारच्या हिशेबात चोणक असा एक नसतोच.
एक चवथीच्या सुमाराला येतो, त्याला गढूळ चालतं.
एक मिठागराच्या कडेचा, खारटाला न भिणारा.
आणि एक नुसता खडकाखाली पडून,
गरीकडे ढुंकूनही न बघणारा,
त्याला तो भाटकार म्हणतो.
ज्या वर्षी खाणीचा तांबडा गाळ उतरला
त्या वर्षी भाटकार गेले, मिठागरवाले राहिले.
पुढे एका वर्षी उलटं झालं.
"सगळेच सारके आसले जाल्यार..."
वाक्य त्याने पुरं केलं नाही.
विडी विझली होती, ती पेटवली.

अठरा पिशव्या मी परत गाडीत चढवल्या.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: एका घरची.
खुलासा मागवला आहे.
अजून देते आहे.
सुटलेली दोन हजार मात्र गेली,
घारीला हात समजून वर येत असतील.

अवसेच्या रात्री दोन वाजता फोन.
मानशीच्या जाळ्यात अकरा किलोची मादी,
फोंड्याच्या बाजारात तिचे सात हजार झाले असते.
रुझारने पाच घेतले, वर चहा.
ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली,
परातली नखाएवढी चिमूट कापून
कुपीत टाकली, कुपीवर आकडा: सतरा.
पन्नास तरी हव्यात,
वेगवेगळ्या भरतीच्या, वेगवेगळ्या खोडीच्या.

पहाटे टाकीवर हात धरून उभी राहिले.
बाकीच्या सोळा आल्या, तोंड उघडून.
ती आली नाही.
लिहून ठेवलं.