कंसातलं

पुस्तकं अकरा, मुलं त्रेचाळीस.
एकेका पुस्तकावर चार डोकी,
आणि अकराव्याला शेवटची आठ पानंच नाहीत.
गेल्या हिवाळ्यात कुणीतरी शेगडी पेटवली असणार.

फळ्यावर लिहिलं: नाटक.
पुसून पुन्हा लिहिलं. उमटतच नव्हतं.
मोखोत्लाँगला ऑगस्टात खडूही गारठतो.

तयारी करून आले होते मी.
नाटक म्हणजे काय, त्याचे घटक किती,
संघर्ष कशाला म्हणतात…
मासेरूच्या कॉलेजातली अठरा वर्षांपूर्वीची वही,
अजून तोंडपाठ.
रेलेबोहिलेनं दुसऱ्याच वाक्याला जांभई दिली.
तिची चूक नव्हती.

म्हटलं, राहू दे. वाचूया.
मोत्लात्सी, तू सुरू कर.

मोत्लात्सी सतरा वर्षांचा, माझ्याहून उंच.
नऊ वर्षं दुसऱ्याच्या मेंढ्या राखून
या जानेवारीत शाळेत आला.
अंगावरचं ब्लँकेट तो वर्गातही काढत नाही,
मी काढ म्हणत नाही.
उभा राहिला. ओळीखाली बोट धरून वाचू लागला:

आई. कंस सुरू.
चुलीपाशी बसली आहे, दाराकडे पाहत नाही.
कंस पूर्ण.
कोण आहे बाहेर?
कंस सुरू. शांतता. कंस पूर्ण.

वर्ग खदखदला. खोत्सो तर बाकाखाली गेला.
मोत्लात्सीचं बोट होतं तिथंच राहिलं.

कंसातलं वाचायचं नसतं रे,
अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.
मग वाटलं, का नसतं?
आई काय बोलते ते सगळ्यांना ऐकू येईल.
ती दाराकडे बघत नाही, हे कोण सांगणार?

विचारलं, का बघत नसेल?
बहिरी आहे, बाकाखालून खोत्सो.
रागावलीय, रेलेबोहिले. जांभई संपली होती.
मागून कुणी म्हणालं, वारा येत असेल डोळ्यांत.

मोत्लात्सी अजून उभाच.
म्हणाला, तिनं पावलं ओळखलीत.
बघितलं तर खरं होईल.

आणि ही शांतता? किती वेळ?
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
मेंढी चुकली की हाक मारतो आपण,
मग थांबतो, डोंगरापलीकडून काही येतंय का म्हणून.
तेवढी.

यानंतर कुणी हसलं नाही.
माझी वही टेबलावर उघडीच,
घटक क्रमांक दोनपाशी.

पुढची ओळ: मुलगा. कंस सुरू. प्रवेश.
जानेवारीत रजिस्टरात त्याच्या नावापुढे
हाच शब्द मी लिहिला होता,
निळ्या शाईनं, वय पाहून जरा थबकून.

रेलेबोहिले विझलेल्या शेगडीपाशी जाऊन बसली,
मी न सांगता.
मोत्लात्सी बाहेर गेला, दार ओढून घेतलं.
आमचं दार खाली घासतं,
लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.
नाटक लिहिणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार?

अकराव्या पुस्तकावरचा त्सेलिसो कुजबुजला,
बाई, तो शेवटी घरात राहतो का?
आमच्याकडे ती पानं नाहीत.
मी ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर बर्फावर पावलं वाजली.
जवळ आली. थांबली.

कोण आहे बाहेर, रेलेबोहिले म्हणाली,
आणि दाराकडे पाहिलं नाही.

आम्ही बाकी सगळे तिकडेच बघत होतो.