कलम अकरा, पोटकलम तीन

कोत्काच्या इस्पितळात, बंदराकडच्या खोलीत
बाबा विचारतात,
"रेइनो घरी पोचतो का गं?"

रेइनो म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा कप्तान.
गेमचे चार भाग झाले, बाबांनी चारही खेळून संपवले,
पाचवा नोव्हेंबरात.
आज ऑगस्टची एकोणीस.
डॉक्टर सप्टेंबरबद्दलसुद्धा जपून बोलतात.

रेइनोला मी लिहिला बावीस वर्षांपूर्वी,
सायकलच्या दुकानावरच्या खोलीत.
आम्ही सहाजण होतो आणि एक हीटर.
त्याला चालवलं बाबांसारखं, डावा पाय जरा उशिरा.
गाठ मारताना जिभेचं टोक दातांत.
आणि खोकला:
आधी एक, मग थांबून दोन,
जसं कुणी दार वाजवून बघावं, आत माणूस आहे का.
तो बाबांच्याच स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला.
मानधन, कॉफीचा एक पुडा.

मग कंपनी विकली गेली.
मग विकत घेणारी विकली गेली.
कागद आले. घराचे हप्ते होते, मी सह्या केल्या.
पात्र, नाव, चाल, आवाज,
आजवर सुचलेलं, इथून पुढे सुचेल ते,
आज असलेल्या माध्यमांत
आणि अजून शोध न लागलेल्याही.
म्हणजे आत्ता बाबा खोकले, तो खोकला कुणाचा?
हे मी वकीलबाईंना गमतीत विचारलं होतं.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "मुद्दा वादाचा आहे."

रेइनो घरी पोचत नाही.
बैठकीत ठरलं. मॉन्ट्रियलहून पडद्यावर आलेल्या
एका भल्या माणसानं समजावलं,
लोक रडले की लोक बोलतात,
आणि सहावा भाग रेइनोच्या मुलीचा.
मी हात वर केला होता.
इतिवृत्तात आहे, "लेखिकेचं म्हणणं ऐकून घेतलं."
आणि कलम अकरा, पोटकलम तीन:
शेवट कुणालाही सांगू नये,
रक्ताचं नातं असलं तरी.

"सांग ना," बाबा म्हणाले.
सलाइन बदलणारा एएतू ओरडलाच,
"माझ्यासमोर नको! तीन वर्षं थांबलोय!"
त्याच्या मनगटावर रेइनोचा नांगर गोंदलेला.
कानांवर हात दाबून
कोपरानं दार लोटत तो बाहेर गेला.

मग मी सांगितला.
खरा नाही, माझा.
तिसरा खर्डा, नामंजूर, तोही त्यांच्याच मालकीचा.
आपल्याच डोक्यातून चोरून आणलेला माल
बापाच्या कानाशी उतरवला, हळू आवाजात:
पहाटे बर्फाला तडा जातो.
रेइनो उंबऱ्याशी बूट झटकतो.
आत कॉफी उकळतेय.
इतका उशीर का, असं कुणी विचारत नाही.

बाबा बराच वेळ गप्प.
"आणि जहाज?"
बांधलंय धक्क्याला.
"कुठल्या गाठीनं?"

हे मी कधी लिहिलंच नव्हतं.
कुठल्याच खर्ड्यात नव्हतं.
त्यांनी चादरीचं टोक ओढलं,
पलंगाच्या दांडीला बांधून दाखवलं,
जिभेचं टोक दातांत.
एकदा सुटली. परत बांधली.

चादर मी तशीच राहू दिली, चार दिवस.
पाचव्या दिवशी ती धुवायला गेली.

नोव्हेंबरात गेम आला. लोक रडले. लोक बोलले.
डिसेंबरात दुकानात, दुधाच्या कपाटापाशी एएतू भेटला.
आधी बाबांबद्दल बोलला, नीट, थांबून थांबून.
मग म्हणाला, "शेवट वेगळाच निघाला."
"वेगळा म्हणजे?"
तो बुटांकडे बघत राहिला.
"त्या खोलीचं दार नीट लागत नाही.
मी कुणाला बोललो नाही हं. बायकोलासुद्धा."
आणि जाता जाता वळून,
"ती गाठ तेवढी कळली नाही.
फटीतून दिसत नव्हती."

मी दुधाची पिशवी खाली ठेवली.
गळ्यातला मफलर सोडवला.